गैरसोयीचा सराव

बेंगळुरात पहाटे साडेपाचला रस्त्यावर दिसणारा माणूस दोनपैकी एका ठिकाणी निघालेला असतो: विमानतळावर किंवा बॅडमिंटनला. बॅगेवरून ओळखायला जावं तर फसगत होते, कारण बॅडमिंटनवाल्याची बॅग जास्त मोठी असते. त्यात तीन रॅकेटी, दोन टॉवेल, गुडघ्याचे पट्टे, कोपराचा पट्टा, इलेक्ट्रॉलची पुडी आणि तळाशी कुठंतरी शटलचा डबा. विमानतळावर गेलेला दोन दिवसांनी परत येतो. हा तासाभरात येतो, पण लंगडत.

या शहरात नुसतं खेळणारे कमी, सराव करणारे फार. ‘आम्ही आपलं सकाळी जरा खेळतो’ असं कुणी म्हटलं की समोरचा कीव आल्यासारखा बघतो. इथं प्रत्येक जण ट्रेनिंगमध्ये असतो. कब्बन पार्कात पळणारे मॅरेथॉनच्या ट्रेनिंगमध्ये, पोहणारे ट्रायथलॉनच्या, आणि जे काहीच करत नाहीत ते रिकव्हरीमध्ये. आमच्या अपार्टमेंटात माणसं नावानं नव्हे, फ्लॅट नंबरानं ओळखली जातात. गेटवरच्या ॲपात नंबर, मेंटेनन्सच्या थकबाकीच्या यादीत नंबर. साहजिकच कोर्टावरही 304 सर्व्हिस करतात आणि 1102 ती नेटमध्ये मारतात.

304 मूळचे सांगलीचे. लहानपणी रोज तालमीच्या दारावरून शाळेत गेले, आत कधी गेले नाहीत. पंचेचाळिशीत बॅडमिंटन सुरू करताना त्यांनी आधी पुस्तक वाचलं, मग रॅकेट घेतली. 1993 मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या रियाजाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांनी त्यातला दहा हजार तासांचा आकडा जगभर पोचवला, आणि तेव्हापासून कुठल्या ना कुठल्या ऑफिसात कुणीतरी हा भागाकार करत बसलेलं असतं. 304 नी तो एक्सेलमध्ये केला. आठवड्याला तीन तास धरले तर चौसष्ट वर्षं. म्हणजे वयाच्या एकशे नवव्या वर्षी ते तयार. दुसरा कुणी असता तर रॅकेट विकून मोकळा झाला असता. 304 नी आठवड्याचे तास सहा केले आणि स्वतःला सत्याहत्तरीवर आणून ठेवलं.

एरिक्सन यांना हा सरसकट आकडा मान्य नव्हता. नुसते तास भरून काही होत नाही, तासात काय केलं ते बघा, असं ते सांगत राहिले. पण ‘तासात काय केलं’ याला 304 च्या एक्सेलमध्ये कॉलमच नव्हता.

तासात काय होतं ते मी पाहिलेलं आहे. रविवारी सकाळी ते चिरंजीवांना पलीकडे उभं करतात आणि फक्त स्मॅश मारतात. दुसरं काही नाही. पहिल्या पंधरा-वीस नेटमध्ये जातात, पुढच्या तेवढ्याच भिंतीवर, आणि मग एक सुवर्णकाळ येतो. सलग सात-आठ स्मॅश बरोब्बर पडतात. ‘आलं! आलं!’ असा गजर होतो. पाळीची वाट बघत बसलेले लोक माना वर करून बघतात. चिरंजीव मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि तो दुपारच्या आत सांगलीला पोचतो. पुढच्या रविवारी पहिल्या पंधरा-वीस पुन्हा नेटमध्ये. ‘गेल्या वेळी येत होतं हो!’ हे वाक्य आमच्या कोर्टावर इतकं ऐकू येतं की भिंतीवर रंगवून घ्यायला हरकत नाही.

यात 304 चा दोष नाही. शास्त्रालासुद्धा हे फार उशिरा कळलं. एकच गोष्ट घोटत बसली की ती त्या वेळेपुरती झकास जमते आणि माणसाला वाटतं, शिकलो. 1979 मध्ये शी आणि मॉर्गन या दोघांनी प्रयोगशाळेत माणसांना हातानं लाकडी फळ्या ठराविक क्रमानं पाडायला लावल्या. काहींनी एक क्रम पुरा घोटला, मग दुसरा, मग तिसरा. काहींना तिन्ही क्रम सरमिसळ करून दिले. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते, सरमिसळवाले अडखळत होते. थोड्या दिवसांनी पुन्हा बोलावलं तर अडखळणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. फळ्या पाडणं म्हणजे काही खेळ नव्हे, असं कुणी म्हणेल. म्हणून 1986 मध्ये गुड आणि मॅगिल यांनी थेट बॅडमिंटनची सर्व्हिस घेतली. आखूड, लांब आणि सपाट अशा तीन सर्व्हिसा, आणि कधी रॅकेट न धरलेल्या कॉलेजच्या मुली. पुढच्या परीक्षेत कोण वरचढ ठरलं? ज्यांना पुढची सर्व्हिस कुठली येणार याचा पत्ता नसायचा त्या. कोर्टाची बाजू बदलून सर्व्हिस करायला लावली तरी त्याच वरचढ.

मी हे 304 ना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘पण मग सराव करताना येतंय असं कधी वाटणार?’ प्रश्न वाजवी होता. उत्तर ‘बहुतेक वाटणार नाही’ असं आहे, आणि ते ऐकायला कुणी पहाटे पाचला उठत नाही.

इथं बेंगळुराच्या मदतीचा विषय येतो. माणूस आपणहून अडखळत सराव करणार नाही हे ओळखूनच जणू या गावानं जागोजागी अडथळ्यांची सोय करून ठेवली आहे. सर्वांत गाजलेला अडथळा मल्लेश्वरमचा. प्रकाश पदुकोण 1980 मध्ये ऑल इंग्लंड जिंकले, अंतिम सामन्यात लिम स्वी किंगला 15-3, 15-10 असं गुंडाळलं. त्याआधी ओळीनं नऊ वेळा राष्ट्रीय विजेते होते. ते बॅडमिंटन शिकले ते कॅनरा युनियनच्या हॉलमध्ये. हा हॉल लग्नाकार्याचा. कार्य नसेल तेव्हा बॅडमिंटन, आणि मुहूर्त असला की नेट गुंडाळायचं, आत केळीचे खांब बांधायचे.

आजच्या पालकांना हे सांगितलं तर ते महिन्याची फी परत मागतील. पण शास्त्राच्या नजरेनं बघितलं तर सलग घोटण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून केलेला सराव जास्त टिकतो, आणि ते अंतर ठेवायला लग्नाच्या मुहूर्तासारखा कडक प्रशिक्षक शोधून सापडणार नाही. कोचला सांगून सुट्टी रद्द करता येते, वधूपित्याला सांगून बघा! कर्नाटकात आषाढात लग्नं लावत नाहीत. तेव्हा भारतीय बॅडमिंटनवर आषाढाचे किती उपकार आहेत, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही. पुढे 1994 मध्ये पदुकोणांनी विमल कुमारांच्या साथीनं अकादमी काढली. आता शहराच्या उत्तरेला त्यांच्या आणि राहुल द्रविडच्या नावाचं भव्य क्रीडासंकुल आहे. तिथं कुणाचं लग्न मध्ये येत नाही. मुलांचं काय होणार, देव जाणे.

अंतर ठेवून सराव करण्यात एकच अडचण आहे, आणि ती 1978 मध्ये ब्रिटनच्या पोस्टमनांनी दाखवून दिली. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी पोस्टाच्या कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवलं. एका गटाला दिवसाला एकच तास, दुसऱ्या टोकाला सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. तासांचा हिशेब केला तर रोज एक तासवाले सगळ्यांत कमी तासांत शिकले. आणि सगळ्यांत नाराजही तेच होते! कारण चार तासवाले थोड्याच दिवसांत सुटले आणि हे बापडे आठवड्यामागून आठवडे रोज तासभर खडखडत बसले. आपण जास्त चांगलं शिकतोय याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं. सरकारी नोकराला बाजूच्या टेबलावरचा माणूस आधी मोकळा झालेला दिसला की शास्त्र ऐकू येत नाही.

आता मुलांकडे वळू, कारण बेंगळुरातला खरा सराव मुलं करतात आणि खरा घाम पालकांना फुटतो. आमच्या कोर्टावरचे कोच हुबळीकडचे. त्यांना मराठी छान समजतं, पण हे त्यांनी मराठी पालकांना कळू दिलेलं नाही. काचेच्या पलीकडे बसून आया काय काय बोलतात ते सगळं त्यांच्या कानावर पडतं आणि चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही.

नव्या मुलांना पहिले काही आठवडे ते शटल दाखवतही नाहीत. कोर्टाच्या मध्यावर उभं करायचं आणि सहा कोपऱ्यांकडे नुसतं धावायला लावायचं. दोन पावलं, लांब पाऊल, हात पुढे, परत मध्यावर. हातात रॅकेट, समोर हवा. ‘इन्नोंदु सल!’ म्हणजे पुन्हा एकदा. काचेपलीकडे पहिल्या आठवड्यात कौतुक, दुसऱ्यात चुळबुळ, तिसऱ्यात एक वहिनी शेजारणीला मराठीत म्हणतात, ‘अहो, एवढी फी घेतात आणि शटल एक काढत नाहीत. वाचवतायत वाटतं!’ कोच मान वळवत नाहीत. फक्त त्या वहिनींच्या मुलाला ‘इन्नोंदु सल’ जरा जास्त वेळा ऐकावं लागतं.

मग एके दिवशी टोपली येते. कोच डाव्या हातावर, मनगटापासून कोपराच्या खोबणीपर्यंत, शटलची लांब चळत लावतात, एकात एक अडकवून, आणि उजव्या हातातल्या रॅकेटनं एकेक सोडायला लागतात. अंगठ्यानं शटल पुढे सरकतं, रॅकेट लागते, पुढचं सरकतं. आवाजाला घड्याळाची लय. पहिली पाच पुढे डावीकडे, पोरगं लयीत येतं, वहिनी पर्समधून मोबाइल काढतात, आणि सहावं शटल बरोबर मागच्या उजव्या कोपऱ्यात पडतं. पोरगं डावीकडे वाकलेलं. व्हिडिओत येतं ते पोराचं थिजलेलं तोंड. त्या कोचांनी शी आणि मॉर्गन यांचं नावही ऐकलं नसेल, पण सहावं शटल कुठं टाकायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. शेवटी मुलं रिकामे डबे घेऊन जमिनीवरची शटलं त्यात भरतात. हा सरावाचा भाग नव्हे, पण मुलांना सगळ्यांत आवडतो तो हाच.

तुकड्यातुकड्यांनी शिकवावं की अख्खं शिकवावं, हा वाद तसा जुना. ज्या कामाचे तुकडे आपणहून पडतात ते तुकड्यांनी शिकावं, हा ढोबळ नियम. केंगेरीच्या बाजूला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, मैदानावर भारताच्या हॉकी संघांची शिबिरं भरतात. तिथला पेनल्टी कॉर्नर म्हणजे याचा नमुना: एक जण रेषेवरून चेंडू ढकलतो, एक जण अडवतो, एक जण फ्लिक मारतो. तिघांना तीन कामं वेगळी घोटता येतात. पोहण्यात मात्र तुकडे जपून पाडावे लागतात. एका सोसायटीच्या तलावात मी एक काका बघतो. ते गेली काही वर्षं फळी धरून नुसते पाय मारतात. पाय इतके तयार आहेत की पाणी भिंतीच्या पलीकडे पार्किंगमध्ये उडतं. हात कधी शिकणार विचारलं तर म्हणतात, ‘एक एक पक्कं करत जावं.’

प्रकार बदलून सराव करणं हा आणखी एक नामी मार्ग. केर आणि बूथ यांनी 1978 मध्ये लहान मुलांना दाण्यांच्या छोट्या पिशव्या खुणेवर टाकायला लावल्या. काही मुलांनी तीन फुटांवरूनच सराव केला. काहींनी दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांची, आणि सरस ठरली ती कधी तीन फुटांवर उभीच न राहिलेली मुलं. हे कागद न वाचताच आपल्याकडे वेगळ्या नावानं चालू होतं. रमाकांत आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. एका दिवसात वेगळी खेळपट्टी, वेगळे गोलंदाज, वेगळा उसळणारा चेंडू. वर संध्याकाळी स्टंपवर रुपयाचं नाणं: बाद करील त्याचं, कुणी नाही केलं तर सचिनचं.

बेंगळुरातले पालकही मुलाला गाडीत घालून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेतात. पण दादरची स्कूटर आणि आऊटर रिंग रोडवरची गाडी यांत फरक आहे. स्कूटरवरून उतरला की सचिन फलंदाजीला जायचा. गाडीतून उतरला की आमचा पोरगा बाथरूमला जातो, मग भूक लागते, आणि तासाच्या नेटमधली शेवटची वीस मिनिटं त्याच्या वाट्याला येतात. तरी बाप हार मानत नाही. गाडीतच वाटेवर व्हिडिओ दाखवतो, ‘बॅकलिफ्ट बघ, बॅकलिफ्ट!’ मुलगा मान डोलावतो. कानात इअरफोन असतात.

द्रविडचं नाव या शहरात असं मध्येच निघतं. जन्म इंदूरचा, वाढला इथं, घरी मराठी. वडील किसानच्या कारखान्यात, म्हणून संघात टोपणनाव ‘जॅमी’. कसोटीत त्यानं 31,258 चेंडू खेळले, आजवर कुणी एवढे खेळलेले नाहीत. यातले कितीतरी त्यानं नुसते सोडून दिले. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू बघायचा, बॅट वर घ्यायची, तो यष्टिरक्षकाकडे जाऊ द्यायचा. ही कलासुद्धा सरावानंच येते. पण आज तुम्ही कुठल्याही अकादमीत जाऊन ‘मुलाला चेंडू सोडायला शिकवा’ असं सांगून बघा. तासाला पैसे मोजून मुलानं काहीच मारायचं नाही, हे कुठल्या बापाला रुचणार! बापाच्या मनात आयपीएलचा लिलाव चालू असतो. द्रविडनं शहराला एवढं संयमाचं शिक्षण दिलं आणि शहराच्या जास्त लक्षात राहिली ती 2021 ची जाहिरात, ज्यात तो इंदिरानगरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या वर येऊन आरडाओरडा करतो.

ट्रॅफिकचा विषय निघालाच आहे तर मानसिक सरावाचं सांगून टाकतो. नुसतं मनात खेळून बघितलं तरी खेळ सुधारतो, प्रत्यक्ष सरावाएवढा नाही, पण सुधारतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे. यासाठी शांत जागा, डोळे मिटून बसणं आणि भरपूर वेळ लागतो. सिल्क बोर्डच्या सिग्नलला यातल्या दोन गोष्टी मुबलक आहेत. तिथं कॅबच्या मागच्या सीटवर डोळे मिटून उजवं मनगट हळूच वळवणारी माणसं तुम्हाला दिसतील. त्यांना झटका आलेला नसतो, बॅकहँड चाललेला असतो. 1102 चा बॅकहँड याच मार्गानं सुधारला असं ते स्वतः सांगतात. मला अजून कोर्टावर दिसलेला नाही. बहुधा तो सिल्क बोर्डलाच येतो. 2020 च्या टाळेबंदीत भारताचे दोन्ही हॉकी संघ साईच्या आवारात महिनोन्‌महिने अडकून पडले होते, मैदान समोर आणि जायची बंदी, म्हणजे खेळ काय तो मनातच. पुढच्याच वर्षी टोक्योला पुरुषांच्या संघानं एक्केचाळीस वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं. आता यावरून कुणी कोंडून ठेवण्याची अकादमी काढू नये म्हणजे मिळवली. या शहरात तिलाही वेटिंग लिस्ट लागेल.

काचेपलीकडच्या मंडळींबद्दल एक राहिलंच. दर प्रयत्नानंतर चूक सांगत राहिलं तर माणूस सांगणाऱ्यावर विसंबतो. अर्ध्या वेळा गप्प बसलं तर जास्त शिकतो. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी 1990 मध्ये हे दाखवलं. आमच्याकडे अर्ध्या वेळा गप्प बसण्याचा प्रयोग करायला पालक तयार होणार नाहीत. ‘मनगट! अरे मनगट!’, ‘पाय उचल बाळा!’, ‘सर काय सांगतायत बघ ना!’ सर काहीच सांगत नसतात. ते मुद्दाम गप्प असतात. त्यांच्या त्या गप्पपणाचीच फी असते, हे बिलावर लिहिलेलं नसतं एवढंच.

गेल्या महिन्यात असोसिएशनची सर्वसाधारण सभा झाली. कोर्ट एक आणि सराव करणारे सगळे, त्यामुळे स्लॉटवरून भांडणं हातघाईवर आली होती. 304 ना रविवारचे सलग तीन तास हवे होते. पिकलबॉलवाल्यांना संध्याकाळ हवी होती आणि कोर्टावर त्यांच्या वेगळ्या रेषाही हव्या होत्या. वहिनींना मुलांसाठी रोज दोन तास. एका आजोबांचं म्हणणं, हॉल नातवाच्या मुंजीसाठी राखून ठेवा, तारीख भटजींना विचारून कळवतो. दोन तास घमासान झाल्यावर सेक्रेटरी वैतागले. ते मंड्याचे, खेळाशी संबंध शून्य, कुठल्याच संशोधकाचं नाव न ऐकलेले. त्यांनी ‘स्वल्प अडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं म्हणत फळ्यावर लिहून टाकलं: कुणालाही दिवसाआड एक तास, त्याहून जास्त नाही, वेळ दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून ठरेल, एकाच कोर्टावर बॅडमिंटन आणि पिकलबॉल आलटून पालटून, आणि कार्य असेल त्या दिवशी कोर्ट बंद.

हॉलमध्ये एकदम शांतता पसरली. मग सगळे एकदम बोलायला लागले. 304 नी लॅपटॉप उघडून दाखवलं की या हिशेबानं ते शंभराव्या वर्षी तयार होतील. वहिनींनी अकादमी बदलण्याची धमकी दिली. पिकलबॉलवाले सभात्याग करून गेले आणि पॅडल राहिली म्हणून परत आले. कोच मागे भिंतीला टेकून उभे होते. सभेत पहिल्यांदाच ते हसले, आणि तेवढ्यापुरतं मराठीत म्हणाले, ‘फार चांगलं झालं.’ वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला.

सभेचं इतिवृत्त दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलं. शेवटची ओळ अशी: सर्व सभासद सारखेच नाराज असल्यामुळे ठराव एकमतानं मंजूर.